सेल

पामीरमध्ये 'सेल' म्हणजे
तुमच्या घड्याळातला नव्हे.
हिमनदीच्या पोटाखालून सुटतो तो :
चिखल, धोंडे, मुळांसकट विलो,
पाणी त्यात चवीपुरतं.

तुमच्यातलाही आहे म्हणा माझ्याकडे,
बारा व्होल्टचा, पत्र्याच्या खोलीत.
त्याच्या जिवावर तीन जिओफोन जागे असतात,
घळीत हातभर खोल पुरलेले,
जमिनीला कान लावून :
वरचा, मधला, पुलाजवळचा.
मी त्यांचे आकडे वाचते.
रात्रपाळी. चहा. पुन्हा आकडे.

किती थरथर झाली की भोंगा वाजवायचा
त्या आकड्याला आम्ही उंबरठा म्हणतो.
दुशान्बेहून आलेल्या माणसाने तो विसावर ठेवला,
जर्दाळू खाल्ले आणि गेला.

जूनमध्ये नेककदम मेंढ्या घेऊन वर निघाला
(नावाचा अर्थ, शुभ पावलांचा).
चौदा मेंढ्या, दोन गाढवं आणि ती पावलं :
वरच्या कानात एकवीस.
रात्री दोन वाजता सगळं खिजदरा
पोरं काखेला मारून शाळेच्या टेकाडावर.
थंडी. कुत्री. खाली नदी नेहमीसारखी बडबडत.
पहाटे लोक परतले तेव्हा दवलतमोची कणीक
परातीबाहेर फुगून आली होती.
"पोरी, उंबरठा जरा उंच कर," ती म्हणाली,
"मेंढरू अडेल एवढा तरी."

मी केला. बावीस.

ऑगस्टमध्ये पावसाचा थेंब नाही,
नऊ दिवस नुसतं ऊन, आणि बर्फ
दुपारभर गळत राहायचा.
नदी आधी दुधाळ, मग राखाडी,
मग वाटीत धरली तर तळ दिसेना.
चौदा तारखेच्या रात्री
पुलावरच्या यंत्रात पाणी उतरू लागलं.
एक वीत. दोन. हिरवा दिवा.
चढण्याचा नियम होता आमच्याकडे,
उतरण्याचा कुणी लिहिलाच नव्हता.
मला वाटलं, बरं झालं, गार पडलं वर.

दवलतमो अनवाणी आली, पत्रा बडवत.
साठ वर्षं ज्या आवाजावर ती झोपली
तो थांबला होता.
"वर कुणीतरी तिचा गळा धरलाय," एवढंच म्हणाली.

मी भोंग्याचं बटण हाताने दाबलं.
अकरा मिनिटं.
मग वरचा कान : एकशे चाळीस.
मधला : पडद्याच्या बाहेर.
पुलाजवळच्याची रेघ उभी राहिली
आणि तिथेच संपली, वाक्य
अर्ध्यात टाकून कुणी उठून जावं तशी.
आधी वास आला, ओल्या लोखंडाचा.
आवाज नंतर. पायातून.

माणसं सगळी मोजून भरली.
तुतीची चौतीस झाडं कमरेपर्यंत पुरली गेली,
शाळेच्या मैदानात ट्रकएवढा धोंडा येऊन बसला
आणि चिखल दवलतमोच्या दारात
चौकटीला टेकून थांबला. खऱ्या उंबरठ्याला.
तिसऱ्या दिवशी नेककदम डोंगरावरून उतरला,
मेंढ्या होत्या, एक गाढव नव्हतं.

नोंदवही मी आठवड्याने उघडली.
त्या रात्री एक वाजून दहा मिनिटं,
वरचा कान : एकवीस.
कडा ढासळून नदी अडली, तो क्षण असेल.
किंवा गाढव, तहानेलं,
पाण्याकडे उतरणारं.
जिओफोनला पायांचे आणि दगडांचे
वेगळे शब्द माहीत नाहीत.
नेककदम विचारतो, काय दिसलं होतं तुला?
मी त्याला दोन एकतीसचं पान दाखवते.

आता आकडा विसावर आहे.
उतरत्या पाण्यालाही एक नियम लिहिलाय मी,
चुकीचा असेल, पण आहे.

काल रात्री भोंगा वाजला.
मेंढ्याच होत्या.
दवलतमोची सून मला नाव घेऊन शिव्या देत चढली.
दवलतमो मागून, सावकाश,
मांडीवर परात घेऊन बसली टेकाडावर,
वर कापड झाकलेलं,
कणीक या वेळी बरोबर आणलेली.